मुद्दलाला हात लावण्याचा अधिकार कोणाचा?

समजा, एका गृहस्थाने आपल्या मुदत ठेवी व एक सदनिका यांचा कौटुंबिक न्यास केला आणि धाकट्या भावाला विश्वस्त नेमले. ठेवींचे व्याज व सदनिकेचे भाडे मुलीच्या पालनपोषणावर व शिक्षणावर खर्च करावे आणि ती पंचवीस वर्षांची झाली की सर्व मिळकत तिच्या स्वाधीन करावी, असे न्यासपत्रात लिहिले. पुढे ते गेले. मुलीला सतराव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण शुल्क वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट होते. 'भावोजी, पैसे तिचेच आहेत ना?' असे आई विचारते. 'वहिनी, तिचेच आहेत. पण मुद्दल मोडण्याचा अधिकार मला नाही,' असे दीर सांगतात. यात बरोबर कोण?

न्यासपत्र काय म्हणते?

सार्वजनिक धर्मादाय न्यासांसाठी महाराष्ट्रात १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. कुटुंबाच्या हितासाठी केलेल्या खासगी न्यासाला मात्र भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. न्यासपत्रातील निर्देशांप्रमाणे वागणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य, असे कलम ११ सांगते. त्यामुळे न्यासपत्रातील प्रत्येक शब्दाला वजन येते. 'द्यावे' असे लिहिले असेल, तर विश्वस्ताला पर्याय उरत नाही. 'योग्य वाटल्यास देता येईल' असे लिहिले असेल, तर निर्णय त्याच्या विवेकावर सोडलेला असतो. अशा विवेकाधीन न्यासात विश्वस्ताने निर्णय घेईपर्यंत लाभार्थीला ठरावीक रकमेवर हक्क सांगता येत नाही. आपला विचार प्रामाणिकपणे व्हावा, एवढीच अपेक्षा तो हक्काने करू शकतो.

न्यासपत्र मौन असेल तर

वरील उदाहरणात मुद्दल आधी वापरण्याविषयी न्यासपत्रात अवाक्षरही नाही. लाभार्थी अज्ञान असेल, तर अशा वेळी कलम ४१ उपयोगी पडते. अज्ञानाच्या मिळकतीचे उत्पन्न त्याचे पालनपोषण, शिक्षण, आयुष्यातील प्रगती, विवाह इत्यादींसाठी विश्वस्त स्वतःच्या विवेकाने खर्च करू शकतो. ते अपुरे पडल्यास मुद्दलही पूर्णतः किंवा अंशतः वापरता येते, परंतु त्यासाठी मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाची परवानगी अनिवार्य आहे.

म्हणजे दिरांचे म्हणणे अर्धेच बरोबर. स्वतःहून मुद्दल मोडण्याचा अधिकार त्यांना नाही, हे खरे. न्यायालयाकडे परवानगी मागण्याचा मार्ग मात्र त्यांना खुला आहे.

अठराव्या वर्षी चित्र बदलते

मुलगी सज्ञान झाली की कलम ५६ चा विचार करावा लागतो. एकच लाभार्थी असेल व तो करार करण्यास सक्षम असेल, अथवा अनेक सक्षम लाभार्थी एकमताचे असतील, तर ते मिळकत आपल्याकडे हस्तांतरित करण्यास विश्वस्ताला सांगू शकतात. अधिनियमातच याचे उदाहरण दिले आहे. सरकारी रोख्यांचे व्याज लाभार्थीच्या चोविसाव्या वर्षापर्यंत साठवून मग सर्व रक्कम त्याला द्यावी, असा न्यास असला, तरी त्यात दुसऱ्या कोणाचाच हितसंबंध नसल्यास तो सज्ञान होताच ती मागू शकतो. आपल्या उदाहरणातील मुलीखेरीज अन्य कोणाचा हक्क नसेल, तर पंचविसाव्या वर्षाची अट तिला फार काळ अडवू शकणार नाही. न्यास करणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

विवेक म्हणजे मर्जी नव्हे

विश्वस्ताला व्यापक विवेकाधिकार दिलेला असला, तरी तो निरंकुश नसतो. कलम १७ नुसार अनेक लाभार्थी असतील तेथे त्याने निःपक्षपाती राहिले पाहिजे. थोरल्याच्या व्यवसायासाठी मुद्दल काढले की धाकटीच्या वाट्याला येणारी मिळकत घटते, याचा विचार त्याने करायलाच हवा. मात्र विवेकाधिकार वाजवीपणे व सद्भावाने वापरला असेल, तर केवळ निर्णय पटला नाही म्हणून न्यायालय त्यात हात घालत नाही. तो तसा वापरला नसेल, तर कलम ४९ नुसार न्यायालय त्यावर नियंत्रण ठेवू शकते. जुन्या भाऊबंदकीपोटी दिलेला नकार किंवा मागणीचा विचारच न करणे हा विवेकाचा वापर म्हणता येणार नाही.

एकाहून अधिक विश्वस्त असतील, तर न्यासपत्रात वेगळी तरतूद नसल्यास सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. न्यासाची मिळकत विश्वस्ताने स्वतःच्या लाभासाठी वापरणे तर सर्वथा निषिद्ध आहे.

लाभार्थीने काय करावे?

प्रथम न्यासपत्र व हिशेब पाहावेत. त्यांची तपासणी करण्याचा व प्रती घेण्याचा हक्क कलम ५७ देते. नंतर गरज, रक्कम व कारण नमूद करून लेखी मागणी करावी आणि उत्तरही लेखी मागावे. विश्वस्तानेही निर्णयाची कारणे नोंदवून ठेवावीत, कारण उद्या वाद झाल्यास तीच त्याची ढाल ठरते.

न्यास करणाऱ्यांनी तर मुद्दल कोणत्या कारणासाठी, किती मर्यादेपर्यंत व कोणाच्या संमतीने काढता येईल, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. उच्च शिक्षण, गंभीर आजार आणि निवारा ही तीन कारणे तरी त्यात असावीत. आपल्या पश्चात दीर-भावजयीला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, असे वाटत असेल, तर ही दोन-चार वाक्ये आजच लिहून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.