गाडी जुनी, खर्च मात्र नव्या गाडीचा

आठ-दहा वर्षे वापरलेली जर्मन सेडान आज नव्या कोऱ्या मध्यम गाडीच्या भावात मिळू शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्याही इतर राज्यांत कमी भावात येऊ लागल्या. चामड्याच्या सीट, मऊ चाल, दार लागतानाचा तो जड आवाज. आणि हप्ता मात्र परवडणारा. पहिले वर्ष बरे जाते. मग एके दिवशी सकाळी गाडी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसते आणि गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो लाखाच्या घरातला असतो.

यात फसवणूक असतेच असे नाही. गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. जो भाग साठ लाखांच्या गाडीसाठी तयार झाला, तो तिची किंमत पंधरा लाखांवर आली तरी जवळपास त्याच भावात घ्यावा लागतो. त्यात हे भाग बहुधा आयात केलेले आणि थोड्याच गाड्यांना लागणारे. गल्लीतल्या दुकानात ते मिळत नाहीत.

खाली बसलेल्या गाडीचेच बघा. साध्या गाडीचे वजन पोलादी स्प्रिंगवर असते. अनेक आलिशान गाड्यांत त्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि सेन्सर गाडीची उंची सतत मोजत राहतात. खड्ड्यांवरून गाडी तरंगत जाते ती यामुळे. पण रबर म्हातारे होते. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात, रबर कडक होते, घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे उन्हात उभ्या राहणाऱ्या नागपूरच्या गाडीचे रबर थंड देशातल्या गाडीच्या रबरापेक्षा लवकर थकणार.

सुरुवातीची गळती अगदी बारीक असते. रात्रभरात थोडी हवा जाते, सकाळी इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर ती भरून काढतो. मालकाला पत्ता लागत नाही. पण थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला तो कॉम्प्रेसर आता वारंवार चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. एका पिशवीचा खर्च मग पिशवी आणि कॉम्प्रेसर असा दुहेरी होतो. पंक्चर शोधतात तसे साबणाचे पाणी लावून ही गळती वेळीच सापडू शकते.

पुढच्या काचेचेही तसेच. पूर्वी काच म्हणजे काच होती. आता तिच्यामागे कॅमेरा असतो, आणि आपोआप ब्रेक लावणारी किंवा लेन सांभाळणारी यंत्रणा त्याच्यावर अवलंबून असते. काच बदलली की कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवावी लागते. हे काम म्हणजे पैसे काढण्याचा बहाणा आहे असे अनेकांना वाटते, पण हिशेब सोपा आहे. कॅमेरा एका अंशाने जरी तिरका बसला तरी शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या लेनचा निम्मा भाग.

मोठ्या बिलांची भीती सगळ्यांनाच असते. खरा धोका मात्र त्या बिलांनंतर सुरू होतो. सस्पेन्शनवर लाखभर गेले की मालक हात आखडता घेतो आणि जी कामे आवाज करत नाहीत ती पुढे ढकलतो. ब्रेक ऑइल हे त्यातले पहिले.

हे ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डॉट-४ प्रकारात ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. शहरात हा फरक जाणवणारही नाही. घाटात जाणवतो. चार माणसे बसलेली मोठी सेडान सहज दोन टनांची होते. ती खंडाळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा साधारण पाचशे मीटर खाली येते. त्यात सुटणारी ऊर्जा साडेतीन लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला पुरेशी असते. काही भाग इंजिन आणि वारा खातो, बाकीची उष्णता ब्रेकमध्ये जाते. ऑइलमधले पाणी उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा यावरचा उपाय, आणि अशा गाडीच्या सगळ्या खर्चांत हा जवळजवळ सर्वांत स्वस्त!

पावसाळ्याचा मुद्दाही द्रवाच्या याच गुणधर्माचा. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनने हवेऐवजी पाणी ओढले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि त्याचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहू नये ती म्हणूनच. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

खर्च थोडा कमी करता येतो. गाडी कंपन्या कितीतरी भाग स्वतः बनवत नाहीत. तोच भाग त्याच पुरवठादाराच्या खोक्यात, गाडीच्या कंपनीचे चिन्ह नसलेला, बऱ्याचदा कमी दरात मिळतो. माहीतगार मेकॅनिक असला तर हे जमते.

गाडी घ्यायच्या आधी ती आदल्या रात्रीपासून उभी असताना, इंजिन थंड असताना बघावी. चारही चाकांवरची उंची सारखी आहे का, हे तेव्हाच कळते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: ३५१७ म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी तो टायर म्हातारा आहे. अनेक आलिशान गाड्यांत स्टेपनी नसते, त्याऐवजी हवा गेल्यावरही साधारण ऐंशी किलोमीटर चालणारे जाड कडांचे टायर असतात. चारही बदलायचे असतील तर त्यांचा भाव आधी विचारून, तो गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करावी.