आपलीच उत्तरपत्रिका, पाहायला मात्र तिकीट!

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांची पाने गुणवंतांच्या फोटोंनी भरून जातात. पेढे वाटले जातात, सत्कार होतात, आपल्या विहारांतूनही वह्या-पुस्तके देऊन मुलामुलींचा गौरव केला जातो. तो झालाच पाहिजे. परंतु त्याच दिवशी नागपुरातल्या कितीतरी वस्त्यांत एखादे पोर गुणपत्रिका हातात धरून मुकाट बसलेले असते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मागासवर्गीय विद्यार्थ्याला ठरलेल्या विषयांत ४० टक्के लागतात आणि याला मिळालेले असतात ३९. "पेपर तर चांगला गेला होता," असे ते पोर म्हणते. घरातले म्हणतात, "जाऊ दे, नशीब!"

नशीब कशाचे? पेपर चांगला गेला होता की नव्हता, याचा एकच पुरावा या जगात आहे. तो म्हणजे त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली आणि परीक्षकाने लाल शाईने तपासलेली उत्तरपत्रिका. ती बोर्डाच्या ताब्यात आहे. आणि ती पाहायची असेल तर आधी पैसे मोजा, असे बोर्ड म्हणते.

किती पैसे? महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा २०२४ सालचा दर पाहा. गुणपडताळणीला प्रत्येक विषयाचे ५० रुपये. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला प्रत्येक विषयाचे ४०० रुपये. पुनर्मूल्यांकनाला प्रत्येक विषयाचे ३०० रुपये. शिवाय छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जच करता येत नाही. म्हणजे एका विषयाचे पुरते ७०० झाले. तीन विषयांबद्दल शंका असेल तर २१०० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आई-बापाने सात दिवस माती उपसायची, तेव्हा त्यांच्या लेकराला आपलेच पेपर पाहायला आणि फिरून तपासून घ्यायला मिळणार!

यावर कोणी म्हणेल, पन्नास रुपयांची गुणपडताळणी आहे ना? ती आहे. पण गुणपडताळणी म्हणजे गुणांची बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहून गेले का, एवढेच बोर्डाच्या माणसाने बोर्डाच्या खोलीत बसून पाहणे. विद्यार्थी बाहेरच. बरोबर उत्तराला शून्य दिले असेल तर ते या पडताळणीत दिसणार नाही. ते दिसायचे असेल तर उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आली पाहिजे.

आता दुसरा दर पाहा. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांप्रमाणे अर्जाची फी १० रुपये आणि प्रतीच्या पानाला २ रुपये. उत्तरपत्रिका चोवीस पानांची धरली तर ४८ रुपये. अर्जाचे १० मिळवले की ५८ रुपये झाले. टपालखर्च काय तो वेगळा. कागद तोच, शाई तीच, कार्यालय तेच. मग एका दाराने ५८ आणि दुसऱ्या दाराने ४००, हा कोणता न्याय? आणि प्रत ई-मेलने पाठवायची असेल तर कागदाचा खर्चही उरत नाही. मग हे पैसे नेमके कशाचे?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. या बोर्डाच्या नियमावलीत १०४ क्रमांकाचा नियम होता. विद्यार्थ्याला पुनर्मूल्यांकन मागता येणार नाही आणि उत्तरपत्रिका पाहताही येणार नाही, असे तो सांगत होता. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात बोर्ड जिंकले. परीक्षेच्या निकालाला कुठेतरी शेवट हवा, लाखो उत्तरपत्रिका दाखवत बसणे व्यवहार्य नाही आणि शिक्षणाचे धोरण तज्ज्ञांवर सोडावे, असे न्यायालयाने मानले. त्या एका निकालाच्या आधारावर देशातल्या बोर्डांनी आणि विद्यापीठांनी पुढची पाव शतकभर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना कुलूप लावून ठेवले.

त्या कुलपाआड काय चालू शकते, हे नागपूरकरांना कोणी सांगायला नको. १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठातला बोगस गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा घोटाळा उघडकीस आला. 'कोहचाडे प्रकरण' म्हणून आजही लोक त्याचे नाव घेतात. पैसे मोजणाऱ्याचे गुण वाढत होते. पुढे त्यातल्या खटल्यांत शिक्षाही झाल्या. त्यातून एक धडा मात्र कायमचा घेण्यासारखा आहे. उत्तरपत्रिका ज्याची आहे त्याच्यापासून लपवली की ती विकणाऱ्यांच्या हाती जाते. गुपित जिथे असते तिथे दलाल असतोच. आणि दलालाच्या दारात गरिबाचे पोर कधी पहिल्या रांगेत नसते.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला आणि चित्र बदलले. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की तपासलेली उत्तरपत्रिका ही या कायद्याखाली 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. परीक्षक आणि बोर्ड यांच्यातल्या विश्वासाच्या नात्याची सबब विद्यार्थ्यासमोर चालणार नाही. १९८४ च्या निकालाचे काय, हा प्रश्न तिथेही आला. तेव्हा न्यायालयाने कायद्याच्या कलम २२ कडे बोट दाखवले. दुसऱ्या कायद्यात किंवा नियमात काहीही विरोधी लिहिलेले असो, माहितीचा अधिकारच वरचढ ठरेल, असे ते कलम सांगते. परीक्षकाचे नाव मात्र झाकून ठेवता येते, आणि ते योग्यच आहे. आपल्याला परीक्षकाशी वैर करायचे नाही. आपल्याला आपले गुण हवेत.

दार उघडले. मग दारात तिकीटखिडकी बसली! हक्क नाकारता येत नाही ना, मग तो महाग करा. उघड 'नाही' म्हणण्यापेक्षा 'हो, पण पैसे भरा' म्हणणे सोयीचे असते. कारण 'नाही' म्हटले तर माणूस कोर्टात जातो, आणि पैसे मागितले तर तो घरी जातो.

यावरही न्यायालयाचा निकाल आहे आणि तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात असला पाहिजे. कंपनी सचिवांच्या संस्थेने उत्तरपत्रिकेच्या प्रतीला आपल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक विषयाला ५०० रुपये लावले होते. ते प्रकरण पारस जैन यांच्या नावाने ओळखले जाते. ११ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विद्यार्थ्यापुढे दोन वाटा आहेत. तो संस्थेच्या योजनेखाली आला तर संस्थेचे शुल्क लागेल. परंतु त्याने माहिती अधिकाराखाली अर्ज केला तर माहिती अधिकाराच्या नियमातलेच शुल्क घेता येईल, संस्थेचे नाही. ती संस्था केंद्राच्या कक्षेतली होती आणि आपल्या बोर्डाला राज्याचे नियम लागतात, हे खरे. पण दोन्ही नियम एकाच कायद्यातून निघालेले आहेत, तेव्हा तत्त्वही एकच लागू होते.

मग अडचण कुठे आहे? अडचण घड्याळात आहे. २०२४ मध्ये बारावीचा निकाल २१ मे रोजी लागला आणि छायाप्रत मागण्याची मुदत ५ जून रोजी संपली. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस दिले आहेत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज केला तरी प्रत यायला २१ जून उजाडू शकतो. तोवर बोर्डाची मुदत सरलेली असते, प्रवेशाच्या याद्या लागत असतात. म्हणजे ५८ रुपयांत न्याय दिसतो पण मिळत नाही. ४०० रुपये त्या कागदाचे नाहीत, ते वेळेचे आहेत. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला वेळेवर प्रत मिळते, ज्याच्याजवळ नाहीत त्याला पश्चात्ताप मिळतो. शिवाय पुनर्मूल्यांकन हा माहिती अधिकाराचा भाग नाही, हे २०११ च्याच निकालात नमूद आहे. त्यासाठी पुन्हा बोर्डाच्याच दारात यावे लागते.

शिष्यवृत्तीचा तरी आधार आहे का? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती संस्थेला, विद्यापीठाला किंवा बोर्डाला भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या शुल्कांसाठी आहे. उत्तरपत्रिका पाहणे सक्तीचे नाही, ते तुमच्या मर्जीवर! म्हणून शिकवणीचे शुल्क माफ झालेल्या मुलालाही हे पैसे स्वतःच्या खिशातूनच भरावे लागतात.

याचा परिणाम काय होतो, तो नीट पाहा. परीक्षकाची चूक जात पाहून होत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आकडा असतो. पुरवणीतले उत्तर राहून जाणे, बेरीज चुकणे हे कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. पण ती चूक दुरुस्त कोणाची होते? जो पैसे भरतो त्याची. म्हणजे चूक सर्वांची आणि दुरुस्ती काहींची. गुणवत्तेच्या नावाने आम्हाला रोज ऐकवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. ज्या गुणवत्ता यादीतल्या चुका पैसे देऊन दुरुस्त होतात, ती यादी गुणवत्तेची की ऐपतीची?

लाखो विद्यार्थी आहेत, सर्वांना फुकट दिले तर यंत्रणा कोसळेल, ही बोर्डाची बाजू आम्हाला मान्य नसली तरी तिचा विचार केला पाहिजे. बारावीलाच दरवर्षी चौदा-पंधरा लाख मुले बसतात. परंतु शेजारी काय घडले ते पाहा. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरमीजिएटच्या निकालात प्रचंड गोंधळ झाला. तीन लाखांवर विद्यार्थी नापास दाखवले गेले, वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. तेव्हा सरकारने सर्व नापास विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका एक पैसा न घेता पुन्हा तपासून दिल्या आणि हजाराहून अधिक मुले पास निघाली. गडचिरोलीची सीमा ओलांडली की जे राज्य लागते, त्याला जे जमले ते महाराष्ट्राला जमणार नाही काय? फक्त त्यासाठी मुलांच्या मरणाची वाट पाहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी ठणकावून सांगितले होते, की सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी मागणी केली, की खालच्या वर्गातली मुले आता कुठे शाळा-कॉलेजात येऊ लागली आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी उच्च शिक्षण होईल तितके स्वस्त करा. 'शिका' म्हणणाऱ्या बापाची आपण लेकरे. शिकण्यात प्रवेशाची फी येते, तसा आपल्या मेहनतीचा हिशेब तपासून पाहण्याचा हक्कही येतो.

म्हणून नुसती हळहळ नको, काम हवे. निकालाच्या आठवड्यात प्रत्येक वस्तीच्या विहारात, अभ्यासिकेत दोन शिकलेली पोरे टेबल टाकून बसली पाहिजेत. पहिले काम, ज्याला शंका आहे त्या मुलाचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी लिहून द्यायचा. अर्जात बैठक क्रमांक आणि विषय लिहा, "माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची साक्षांकित प्रत" एवढेच मागा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर पुरावा जोडा. कलम ७(५) प्रमाणे त्याच्याकडून फी घेताच येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कलम ७(६) प्रमाणे प्रत मोफत द्यावी लागते. "आमच्या योजनेतून अर्ज करा" असे उत्तर आले तर २०१९ च्या निकालाचा हवाला देऊन प्रथम अपील करा, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील. उशीर करू नका. उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत संपली की हक्कही संपतो.

दुसरे काम, ज्या मुलाचे वर्ष एका गुणावर अडले आहे, त्याला बोर्डाच्या मुदतीतच अर्ज करायला लावा आणि ते ७०० रुपये वस्तीने उभे करा. जयंतीच्या वर्गणीतून दहा मुलांचा हा खर्च सहज निघेल. ती बाबासाहेबांना खरी मानवंदना होईल.

आणि तिसरे काम संघटनांचे. छायाप्रतीचा दर माहिती अधिकाराच्या दराइतका करा. दारिद्र्यरेषेखालील आणि शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना ती मोफत द्या. माहिती अधिकाराखाली मिळालेली प्रत पुनर्मूल्यांकनासाठी ग्राह्य धरा आणि ती हाती येईपर्यंत मुदत वाढवा. चूक परीक्षकाची निघाली तर घेतलेला प्रत्येक रुपया परत करा. या चार मागण्यांचे निवेदन नागपूर विभागीय मंडळाला, शिक्षणमंत्र्यांना आणि आपल्या आमदारांना पुढच्या निकालाच्या आधी गेले पाहिजे. निकालानंतर दिलेले निवेदन फायलीत जाते.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षर पाहण्याचीही बंदी होती, त्यांची नातवंडे आज स्वतः अक्षरे लिहून परीक्षा देत आहेत. ती अक्षरे त्यांची आहेत. ती पाहायला त्यांना कोणाचे तिकीट काढावे लागू नये.