कोरड्या ओठांवरचं पाणी

रमजानचा रोजा आजारी माणसावर बंधनकारक नाही. कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये आजारी आणि प्रवासी या दोघांना स्पष्ट सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात. ज्याला बरं होण्याची आशाच नाही, त्याने एका रोज्याबद्दल एका गरजूला जेवू घालावं. याला फिदिया म्हणतात. नियम इतका साधा. पण घरात खाटेवर शेवटच्या टप्प्यातला कॅन्सरचा रुग्ण असला की तो साधा राहत नाही. साठ वर्षं रोजे ठेवलेल्या बाईला ‘यंदा ठेवू नका’ म्हटलं की तिला त्याच्या पुढचंही कळतं. राहिलेले पुढच्या वर्षी ठेवीन, असं तिला म्हणता येत नाही.

हे सांगायची वेळ बऱ्याचदा ना मौलानांवर येते, ना डॉक्टरांवर. ती सिस्टरवर येते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नाचणगावची. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएमचा कोर्स केला आणि आता नागपुरात, ज्यांच्यावरचे इलाज थांबले आहेत अशांची शुश्रूषा करते. घरी हे फारसं कुणाला पसंत नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात असती तर पेढे तरी मिळाले असते, असं तिची दादी म्हणते. स्थळं येतात, नोकरी कसली ते ऐकून परत जातात. ही ‘मरणाऱ्यांची नोकरी’ आहे, असं एका घरातून तोंडावर सांगण्यात आलं. ती मला म्हणाली, ‘सर, मरेपर्यंत माणूस जिवंतच असतो ना? माझी नोकरी तेवढ्या वेळाची.’

त्या वेळात काय काय असतं, हे तिच्याकडूनच कळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड आतून पुसायचं. दुखण्याची गोळी वेळेवर द्यायची. यातली मॉर्फिनची साधी गोळी साधारण दर चार तासांनी लागते, आणि सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा तासांहून जास्त वेळ जातो. रोज्याचा हट्ट धरलेला रुग्ण दुपारनंतर तळमळू लागतो, तो भुकेने नव्हे. अशा वेळी ती वाद घालत नाही. फिदियाचा हिशोब मांडते, मुलाला धान्य बाजूला काढायला सांगते, आणि मग गोळी पुढे करते. दिलेलं दान डोळ्यांनी दिसलं की म्हातारी माणसं ऐकतात, हा तिचा अनुभव.

मॉर्फिन म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषध इतकं जखडलं गेलं की पुष्कळ दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली; लोकांच्या मनातली मात्र नाही. ‘सवय लागेल’ ही भीती नातेवाईक आजही बोलून दाखवतात, ज्याच्या हातात थोडेच दिवस उरलेत त्याच्याबद्दल!

पण तिची सगळ्यात मोठी झुंज पाण्याशी असते. माणूस जायला लागला की घरचे पाणी घेऊन धावतात. कुणाकडे गंगाजल आणि तुळशीपत्र, कुणाकडे हजहून आणलेलं जमजम. ‘दोन घोट तरी पाज वं मायला’ म्हणणारा मुलगा आणि ‘अम्मी को जमजम पिला दो’ म्हणणारी मुलगी, दोघांचा जीव सारखाच तुटत असतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून ती कापसाचा बोळा त्याच पाण्यात बुडवते, पिळते आणि ओठ, जीभ ओली करते. बोळा मुलाच्या हातात देते. पाणी कुणाचं, हे ती विचारत नाही. रमजानमध्ये हे करताना तिचे स्वतःचे ओठ पहाटेपासून कोरडे असतात.

हे काम आपल्या जिल्ह्याला परकं नाही. 1939 च्या सुमारास संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांच्या जखमा धुण्याचं आणि अंगाला मालीश करण्याचं काम गांधीजींनी स्वतःकडे घेतलं. त्या वेळी कुष्ठरोगावर आजच्यासारखं औषध नव्हतं. होती ती फक्त शुश्रूषा. शास्त्रींचा शेवट पुढे वर्ध्याजवळच्या दत्तपूरला, मनोहर दिवाण यांनी उभ्या केलेल्या कुष्ठधामात झाला. इस्लामी इतिहासातही रुफैदा अल-असलमिया यांचं नाव येतं. 627 मधल्या खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना मदिनेच्या मशिदीत त्यांच्या तंबूत ठेवलं होतं. लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही आधुनिक शुश्रूषासंस्था काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर झाल्या त्या नंतर. आधी त्या नर्स होत्या. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं. गांधीजींची सेवा आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. तेच काम महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर करणाऱ्या पोरीला मात्र स्थळ मिळत नाही.

नाचणगावात, पुलगावात असे रुग्ण घरीच असतात. सेवाग्राम किंवा सावंगीहून ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर टेम्पोतून आणलेले. आजाऱ्याला भेटायला जाण्याला आम्ही इयादत म्हणतो आणि त्याला मोठं पुण्य मानतो. गर्दी करून, रडून, ‘किती खराब झाले’ असं उशाशी बोलून ते होत नाही, असं ती म्हणते. बेशुद्ध दिसणाऱ्यालाही ऐकू येत असेल असं धरूनच चालावं. कलमा म्हणायचा तर हळू, एकदा. रामनाम घ्यायचं तर तेही हळू. आणि जमलं तर रात्रभर जागणाऱ्या सुनेला दोन तास झोपू द्यावं.

या ईदला तिची ड्यूटी आहे. घरून शीरखुर्म्याचा डबा येईल. सुकामेवा गाळून नुसतं दूध ती चमच्याने देणार आहे. ज्यांना गिळता येतं त्यांनाच, आणि पाठीशी उशी लावून बसवून.