गळ आणि आमिष

गोदेच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य माशामागें धांवत नाहीं. तो आमिष लावतो आणि स्वस्थ बसतो. मासा आपण होऊन येतो. मोबाइलवरील एका फसवणुकीला मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरून ‘फिशिंग’ हें नांव पडलें, तें याच साम्यामुळें. विश्वासू संस्थेचें सोंग घेऊन खोटा निरोप पाठवावयाचा आणि वाचणाराच्याच हातून त्याच्या तिजोरीची किल्ली मिळवावयाची, हें तिचें स्वरूप होय.

२०२२ सालीं महाराष्ट्रांतील पुष्कळ वीजग्राहकांना निरोप आले कीं, मागील बिल भरल्याची नोंद नसल्यामुळें आज रात्रीं आपली वीज तोडण्यांत येईल. सबब दिलेल्या क्रमांकावर तत्काळ बोलावें. तेथें बोलणारास एक ॲप मोबाइलवर घ्यावयास सांगत. तें घेतलें कीं त्याच्या मोबाइलचा पडदा ठकाला दिसूं लागे आणि बँकेंतील ठेव नाहींशी होई. अखेर महावितरण कंपनीस ग्राहकांना जाहीर इशारा द्यावा लागला.

हा निरोप नीट तपासून पाहूं. वीज रात्रींच कां तोडावयाची? कारण त्या वेळीं कचेरी बंद असते व चौकशीला जागा राहत नाहीं. भय आणि घाई हेंच येथें आमिष होय. कधीं त्याच्या जागीं बक्षिसाचा लोभ असतो. दुसरें, निरोप कोणाकडून आला? महावितरणच्या खऱ्या निरोपावर प्रेषक म्हणून ‘एमएसईडीसीएल’ हीं अक्षरें असतात. हे निरोप मात्र दहा आंकडी खाजगी क्रमांकांवरून येत होते.

निरोपासोबत लिंक आली असल्यास पत्त्याचा शेवट पाहावा. आरंभीं बँकेचें नांव कोणीही घालूं शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनें बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घेण्यास फर्माविलें. तो शेवट बँकांनाच मिळतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच नाहीं. ओटीपी तर कोणीही मागो, सांगूं नये.

इतकें करूनही कोणी गळाला लागलाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व आपल्या बँकेस तत्क्षणीं कळवावें. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत फिरत असते. ती काढली जाण्यापूर्वीं वर्दी पोंचली, तर बँका ती अडवूं शकतात. ग्राहकानें स्वतः गुप्त आंकडे दिले असले, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें व त्यानंतरचें बँकेचें, असें तत्त्व रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलें. अर्थात् येथें एकेका घटकेला मोल आहे.

विद्यार्थिमित्रांनो, घरांतील वडील मंडळींना मोबाइल वापरावयास बहुधा तुम्हींच शिकवितां. आजोबांच्या निवृत्तिवेतनाची राखण अंशतः तुमच्याकडे आहे, हें विसरूं नका. ते फसले तर हंसूं नका. हंसें होईल या भीतीनेंच माणसें गोष्ट लपवितात आणि वेळ निघून जाते. पालकांनींही, मुलानें चूक सांगितली तर रागावण्याआधीं १९३० लावावा.

निरोप कितीही निकडीचा असो, तो बाजूस ठेवावा आणि बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारावें. खऱ्या कचेरीला एवढा विलंब चालतो. ठकाला मात्र तो चालत नाहीं.