अब्बांची वर्दी

आमच्या घरात ‘वर्दी’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक, अब्बांचा गणवेश. अम्मी तो रोज रात्री इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवायची. दुसरा, आगीची खबर. अग्निशमन दलात ‘वर्दी आली’ म्हणजे कुठेतरी काहीतरी पेटलं आहे आणि बंब निघतो आहे. आम्ही केंद्राच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. घंटा वाजली की अम्मीच्या हातातलं लाटणं थांबायचं. बंब फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला की ती ओठांतल्या ओठांत दुआ करायची आणि पुन्हा चपाती लाटायला लागायची.

अब्बा 1976 मध्ये मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले आणि 2011 मध्ये निवृत्त झाले. गेल्या रजब महिन्यात त्यांचा इंतकाल झाला. जनाज्याला खांदा द्यायला त्यांचे जुने सहकारी आले होते, त्यांतले अर्ध्याहून जास्त हिंदू. कब्रस्तानच्या फाटकापाशी त्यांनी ओळीत उभं राहून सलाम केला, असं भाईजाननं घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून वाटत होतं, अब्बांबद्दल चार ओळी लिहाव्यात.

नोकरीत त्यांनी कधी कामचुकारपणा केला नाही, पण घराकडेही पाठ फिरवली नाही. सुट्टीच्या दिवशी बाजार तेच करायचे, मासळी साफ करायचे, आमच्या वह्यांना कव्हर घालायचे. स्वतः दहावीपर्यंतच शिकलेले. आमची शाळा उर्दू, पण संध्याकाळी ते आम्हाला मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे. ‘ज्या शहरात राहतो, त्याची भाषा आली पाहिजे’ हा त्यांचा हट्ट. आज मी दोन्ही भाषा शिकवते, त्यातली मराठी ही त्यांची देणगी. पदवी झाल्यावर नातेवाइकांनी माझ्या लग्नाची घाई केली, तेव्हा त्यांनी फंडातून पैसे काढून माझी बी.एड.ची फी भरली.

दर 14 एप्रिलला ते सकाळी लवकर तयार व्हायचे. 1944 मध्ये याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही. जवान पाणी मारत असतानाच स्फोट झाले आणि दलाचे 66 जण कामी आले. म्हणून देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आमच्या क्वार्टर्समध्ये सकाळी मानवंदना आणि संध्याकाळी आंबेडकर जयंती, असा तो दिवस असायचा. शेजारच्या काकू खीर पाठवायच्या. ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जायचा.

खरं सांगायचं तर लहानपणी मला अब्बांचा राग यायचा. मी दहा वर्षांची होते. ईदची नमाज पढून अब्बा घरी आले, गळाभेटी झाल्या, ते ड्युटीवर गेले आणि थोड्याच वेळात घंटा वाजली. ते असरनंतर परतले. चेहरा काळवंडलेला, अंगाला धुराचा वास. आंघोळ करून त्यांनी मला ईदी दिली. मी हात मागे घेतला. म्हणाले, “बेटा, आगीला सण कळत नाही.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

9 मे 2015 ला काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. निवृत्त झालेले अब्बा रात्रभर टीव्हीसमोरून उठले नाहीत. लाकडी इमारत किती दगा देते हे त्यांना माहीत होतं. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्या आगीतच गेले. सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांनी पुढच्या काही दिवसांत प्राण सोडले.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी अब्बा पहिल्यांदा बोलले. त्या ईदच्या दिवशी एका चाळीत गॅसची गळती होऊन आग लागली होती. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना बाहेर काढलं. त्या शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, “नातू आत आहे.” अब्बा पुन्हा आत गेले. मूल खाटेखाली सापडलं, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. ज्वाळा तिथवर पोचल्याच नव्हत्या. धुरानं जीव घेतला होता. “मुलं पळत नाहीत, लपतात,” अब्बा म्हणाले. “मी आधी खाटेखाली बघायला हवं होतं.” पंचवीस वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, अम्मीलाही नाही. आणि मी त्याच दिवशी त्यांच्या हातची ईदी नाकारली होती. मी त्यांचा हात धरून माफी मागितली. त्यांना ती ईदीची गोष्ट आठवतही नव्हती.

अब्बा रोज रात्री ईशानंतर उठून गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का, हात लावून बघायचे. आम्ही त्यांची थट्टा करायचो. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवा, अशी ताकीद आपल्या प्यारे नबी (सल्ल.) यांनी दिली आहे. अब्बांसाठी ती रोजची सुन्नत होती. एक जीव वाचवण्याची थोरवी सूरह माइदामध्ये आली आहे. वाचवलेल्यांची मोजदाद मात्र अब्बांनी कधी केली नाही. त्यांच्या लक्षात राहिला तो न वाचलेला एक.

त्यांच्या घरात सांगून ठेवलेल्या गोष्टी आता मी वर्गात सांगते. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा. धूर झाला तर जमिनीलगत रांगत निघा. भाजलं तर टूथपेस्ट नको, नळाचं साधं पाणी बराच वेळ सोडा. 101 हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना सांगा, आग लागली तर लपायचं नाही. हाक मारायची, बाहेर पळायचं.

हे सांगताना माझा आवाज थोडा जड होतो. मुलं विचारतात, “टीचर, तुम्हाला हे कोणी शिकवलं?” मी सांगते, “माझ्या अब्बांनी.”

रात्री मीही आता रेग्युलेटरला हात लावून बघते. माझी मुलगी हसते. हसू दे.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो, आणि आज ड्युटीवर असलेल्या प्रत्येक फायरमनला सुखरूप घरी आणो. आमीन.