विश्लेषण : मागून धडक बसली, तर चूक नेहमी मागच्याचीच?

पवईत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, आयआयटीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून गांधीनगर चौकापर्यंत, सकाळ-संध्याकाळ गाड्या एकमेकींना चिकटून चालतात. पुढच्याने ब्रेक दाबला की मागून धडक, आणि मग भर रस्त्यात वाद : भरपाई कोणी द्यायची?

नियम काय सांगतो?

पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक होणार नाही, इतके अंतर मागच्या चालकाने राखलेच पाहिजे, असे १९८९च्या रस्ते विनियमांपासून बंधन आहे. ताशी ४० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांचे अंतर राखायचे तर २२ मीटर हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निशान सिंग प्रकरणात याच नियमावर बोट ठेवले. ट्रकमागे अवघ्या १० ते १५ फुटांवरून येणारी मोटार त्यावर आदळली होती. ट्रकचालकाला दोषी धरण्यास न्यायालयाने नकार दिला.

मग पुढचा दोषी कधी?

सुरक्षेसाठी गरज नसताना एकदम ब्रेक दाबू नये, हेही त्याच विनियमांत आहे. २०१७ मध्ये कोइम्बतूरजवळ एका मोटारचालकाने महामार्गावर इशारा न देता गाडी थांबवली. मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी धडकून पडला, त्याच्या पायावरून बस गेली आणि पाय कापावा लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० टक्के आणि पुरेसे अंतर न राखल्याबद्दल विद्यार्थ्याला २० टक्के जबाबदार धरले. त्याची भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली गेली. रात्री दिवे वा इशारा न लावता रस्त्यात उभे केलेले वाहनही दोषी ठरू शकते.

तीन गाड्या आदळल्या तर?

मधली गाडी वेळेत थांबली होती आणि मागच्या धक्क्याने पुढे ढकलली गेली, हे सिद्ध झाल्यास जबाबदारी शेवटच्या चालकाकडे जाते. मधली आधीच पुढच्या गाडीवर आदळली असेल, तर तिच्या चालकालाही दोषाचा वाटा उचलावा लागतो. त्यामुळे धक्क्यांचा क्रम महत्त्वाचा.

पैसे कोण देणार?

दोषी वाहनाच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यातून समोरच्याचे नुकसान भरून मिळते. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मात्र सर्वसमावेशक विमा असेल तरच. जखमी व्यक्ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागू शकते. दोन्ही चालकांची चूक असली, तरी निर्दोष प्रवासी पूर्ण भरपाई कोणाही एकाकडून मागू शकतो.

अपघातानंतर काय करावे?

जखमीला आधी उपचार, मग पोलिसांना आणि विमा कंपनीला माहिती. ही चालकाची कायदेशीर कर्तव्ये आहेत. गाड्या हलवण्यापूर्वी त्यांची स्थिती, टायरच्या खुणा, नंबरप्लेट आणि ब्रेकचे दिवे यांची छायाचित्रे घ्यावीत. डॅशकॅमचे चित्रण लगेच जपून ठेवावे, जवळच्या इमारतीतील सीसीटीव्हीचे चित्रणही मागावे. ते काही दिवसांत पुसले जाते.

रस्त्यावरच ‘चूक माझी’ म्हणून रोख देऊन मिटवणे सोपे वाटते. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, अशी अट मोटार विमा पॉलिसीत असते. ती मोडल्यास दावा अडचणीत येतो. शिवाय मानेची दुखापत अनेकदा दुसऱ्या दिवशी जाणवते; तोवर समोरची गाडी निघून गेलेली असते.