न निघणारा नट

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले होते, हे तुम्हांला आठवत असेल. निदान घरी ऐकले तरी असेल. त्या पुरात घरेदारे बुडाली तशी वाहनेही कित्येक दिवस पाण्यात उभी राहिली. त्यांपैकीच एक ट्रक पुढे जानेवारीत साताऱ्याजवळच्या एका गॅरेजात आलेला मी पाहिला. पुढच्या चाकाचा ब्रेक तपासायचा होता. पण चाकाच्या दहा नटांपैकी सात निघाले आणि तीन जागचे हलेनात.

मिस्त्री दुसऱ्या कामात होते. क्लीनरने नटाला फिक्स पाना लावला, त्याच्या दांड्यावर दोन मीटरचा पाइप चढवला आणि तो पाइपाच्या टोकावर उभा राहिला. पाना सटकला, क्लीनर खाली आला (सुदैवाने खरचटण्यावर निभावले) आणि नटाचे दोन कोपरे गोल झाले.

आता विचार करा, येथे जोर कमी पडला काय? मुळीच नाही. बलाला अंतराने गुणले की परिबल, म्हणजे फिरवण्याची क्षमता, मिळते. ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन. दोन मीटर अंतरावर त्याचे परिबल १,२०० न्यूटन-मीटर होते. अवजड ट्रकच्या चाकाचा नट मुळात आवळतात तो सुमारे ६०० न्यूटन-मीटरने. जोर दुप्पट होता, पण तो नटापर्यंत नीट पोचत नव्हता.

फिक्स पान्याला दोनच जबडे असतात, त्यामुळे सगळा भार नटाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर येतो. ३२ मिलिमीटरच्या षट्कोनी नटाची एक बाजू सुमारे १८ मिलिमीटर लांब असते. एवढ्याशा अंतराच्या बलयुग्मातून १,२०० न्यूटन-मीटर मिळवायचे, तर प्रत्येक कोपऱ्यावर साडेसहा टनांइतका दाब पडेल. गणित स्वतः करून पाहा. तेवढा दाब येण्याआधीच कोपरा चुरडला आणि पाना सुटला. षट्कोनी गोटी मात्र सहाही बाजूंना भिडते. भार तिथे सहा ठिकाणी वाटला जाऊन एक तृतीयांश होतो. मिस्त्री आले ते गोटी आणि जाड टॉमी घेऊनच. पाइप त्यांनी बाजूला ठेवायला लावला, कारण गोटी सटकली नसती तर २२ मिलिमीटरचा बोल्टच पिळवटून तुटण्याचा धोका होता.

पण नट एवढा चिकटून का बसतो? बोल्टचे आटे म्हणजे दंडगोलाला गुंडाळलेली उतरण. या बोल्टवर नट एक फेरा फिरला की दीड मिलिमीटर पुढे सरकतो, आणि एका फेऱ्याची वाट सुमारे ६६ मिलिमीटर. म्हणजे चढ ४४ ला १, आपल्या घाटरस्त्यांहूनही सौम्य! एवढ्या सौम्य उतारावर घर्षणामुळे नट आपोआप घसरत नाही. आवळताना आपण जे कष्ट करतो त्यांतले जवळजवळ नव्वद टक्के घर्षणातच जातात, बोल्ट ताणण्यासाठी दहाएक टक्केच उरतात. म्हणूनच स्वच्छ नट सोडवायला तो आवळण्यापेक्षा कमी जोर लागतो. त्याहून जास्त लागला की समजावे, आत गंज आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते, त्यामुळे आट्यांमधील फट तो पाचर ठोकल्यासारखी भरून टाकतो.

गंज दाब सोसतो, पण तो ठिसूळ असतो. म्हणून मिस्त्रींनी डिझेल सोडून नटाच्या बाजूंवर हातोड्याने ठोके दिले. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि केशाकर्षणाने डिझेल त्यांत शिरते. रात्रभर तसेच ठेवल्यावर सकाळी टॉमीवर हातोड्याचे झटके देताच दोन नट सुटले. सलग रेट्याने जे होत नाही ते क्षणभराच्या झटक्याने होते, कारण अत्यल्प काळात वेग बदलताना बल फार मोठे असते.

तिसरा, म्हणजे गोल झालेला, नट राहिला. मी आपला पुस्तकी सल्ला दिला, “गरम करून पाहा.” बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, तोच न्याय. तापल्यावर भोक लहान होते असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. प्रत्यक्षात भोकही प्रसरण पावते. २०० अंशांनी तापवलेल्या २२ मिलिमीटरच्या भोकाचा व्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने वाढतो, आणि गंज फोडायला तेवढे पुष्कळ असते.

मिस्त्री हसले. “सर, टायर भरलेला हाय. इथं ग्यास लावायचा नाय.” त्यांचे खरे होते. चाक तापले की आतल्या हवेचा दाब वाढतो, शिवाय रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात आणि टायर फुटून माणसे दगावतात. हे मला सुचायला हवे होते!

शेवटी त्यांनी धारदार छिन्नी घेतली, नटाच्या एका सपाट बाजूवर ती धरली आणि बोल्टच्या आट्यांना धक्का न लावता नट उभा चिरला. दोन फाका हातात आल्या. गंज फक्त तोंडाकडच्या दोन-तीन आट्यांत होता; आतले आटे नव्यासारखे चकचकीत होते.